उपग्रहावरून गाई हाकणारी

डॉक्टरबाई आल्यात अशी बातमी गावभर झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी लॉजच्या दारात एक लंगडी मेंढी येऊन उभी राहिली.

मेंढीच्या मागे तिची मालकीण होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरलेली, नाकाच्या शेंड्यावरून पावसाचं पाणी निथळणारी एक म्हातारी. ती काही ऐकायला आली नव्हती, सांगायलाच आली होती. मेंढी पुढचा पाय टेकत नव्हती, खाणंपिणं सुटलं होतं आणि आता काय ते डॉक्टरबाईंनी बघावं.

डॉक्टरबाई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून चहाचा पहिला घोट घेत उभ्या होत्या. तिने समजावून पाहिलं की ती तसली डॉक्टर नाही. खरं तर अजून कसलीच नाही, प्रबंध लिहून व्हायचाय. ती वरच्या कुरणांमधल्या मातीचा अभ्यास करायला आलीय, मातीत ओल किती आहे ते उपग्रहाच्या मदतीने मोजायला. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाय मातीतच असतो ना, बाई? मग बघा की," ती म्हणाली, आणि मेंढीला कुशीवर पाडून तिचं खूर चहाच्या कपाशेजारी आणून ठेवलं.

मेंढी डॉक्टरबाईंनी आजवर स्वेटरच्या रूपातच हाताळली होती. खुराच्या बेचक्यातून असा काही वास आला की घोट घशातच अडकला. तरी ती मागे सरली नाही. कप बाजूला ठेवून तिने गुडघे टेकले आणि मेंढीच्या मानेखाली हात घालून तिला जवळ धरलं. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं, आणि ते जनावर थरथरत होतं.

तेवढ्यात पायऱ्यांवर गमबुटांचा फच् फच् आवाज झाला.

"माझी पेशंट इथे आलीय म्हणे..."

तो गुरांचा डॉक्टर होता. इतका उंच, की चौकटीतून आत येताना त्याला मान तुकवावी लागली. रेनकोटची एक बाही कुठल्यातरी जनावराने चावलेली. त्याने म्हातारीकडे पाहिलं, मेंढीकडे पाहिलं, आणि मग मेंढीला मिठी मारून बसलेल्या, डोक्याला टॉवेल बांधलेल्या बाईकडे. हसू दाबण्याचा त्याने अगदी प्रामाणिक प्रयत्न केला. पण ते डोळ्यांतून सांडलंच.

"सोडू नका," तो म्हणाला. "छान धरलंय."

तिने सोडलं नाही. त्याने खूर तासलं, धुतलं, औषध लावलं. हात भरभर चालत होते आणि तोंडही. बर्फ वितळलं की जमीन अशी भिजून जाते, मग खुरं कुजतात, दरवर्षीचंच आहे, तो सांगत होता. सगळ्या दुखण्यांचं मूळ म्हणजे ओल.

"मग आपण एकाच पेशंटकडे बघतोय," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "तुम्ही मातीच्या डॉक्टर... असं ऐकलं."

"होईन. अजून झाले नाही."

"आणि मातीला होतं काय?"

"तहान लागते. नाहीतर पिणं जास्त होतं. अगदी माणसासारखं."

तो मोठ्याने हसला. मेंढी दचकली, तिने मुसंडी मारली, आणि डॉक्टरबाईंच्या डोक्याचा टॉवेल सुटून थेट मेंढीच्या पाठीवर पडला. त्याने तो उचलून, झटकून, अदबीने परत दिला. तिने तो टॉवेल दोनदा धुतला तरी वास काही गेला नाही. पण तो वास तितकासा वाईट वाटेना, याचंच तिला नवल वाटलं.

लॉज त्याच्या आत्याचा होता. आई-वडील गेल्यावर आत्यानेच त्याला वाढवलं होतं, शिकवलं होतं, आणि तो चौकटीला डोकं आपटू लागला तरी ती त्याला बाळ्याच म्हणत होती. जेवायला तो रोज आत्याकडेच असे. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच आत्याच्या स्वयंपाकघरात त्या मोठ्या टेबलाशी तीन खुर्च्या ठरून गेल्या.

त्या स्वयंपाकघरावर डॉक्टरबाईंनी मोठंच संकट आणलं. झालं असं, की उपग्रह वरून मायक्रोवेव्ह लहरी सोडतो, त्या जमिनीवर आपटून परत जातात. जमीन ओली असेल तर जास्त जातात, कोरडी असेल तर कमी. ढग असोत, धुकं असो, अंधार असो, त्याला सारखंच. पण वरून दिसलेलं खरं की खोटं ते खाली कुणीतरी तपासावं लागतं. म्हणून उपग्रह ज्या संध्याकाळी जाईल त्याच संध्याकाळी तिने कुरणात हजर राहायचं, काट्यांचं एक यंत्र मातीत खुपसून ओल बघायची, पोलादी कड्याने माती कापून डब्यांत भरायची, तिथेच वजन करायचं, आणि खाली येऊन ती माती वाळवून पुन्हा वजन करायचं. मधला फरक म्हणजे पाणी. आता वाळवायला भट्टी हवी, आणि गावात चांगला ओव्हन एकच होता. आत्याचा.

आत्याने डब्यांच्या त्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं. या ओव्हनमध्ये आजवर पाव भाजला, बटाटे भाजले, पण माती खायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, असं ती म्हणाली. मग डबे स्वतःच्या हाताने आत सारले. दिवसभर घराला तापल्या मातीचा वास येत राहिला.

मायक्रोवेव्ह हा शब्द मात्र आत्याच्या पचनी पडेना. वरून मायक्रोवेव्ह सोडतात म्हणजे चरता चरता गाई शिजून निघायच्या, ही तिची रास्त भीती होती. डॉक्टरबाईंनी परोपरीने समजावलं की त्या लहरी इथे पोहोचेपर्यंत इतक्या क्षीण होतात की गाईला त्यापेक्षा अंगावर बसलेली माशी जास्त जाणवेल. आत्याने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने उकडलेलं अंडं सोलता सोलता शपथेवर सांगितलं की आजतागायत एकही शिजलेली गाय त्याच्याकडे तपासायला आलेली नाही. तेव्हा कुठे विषय मिटला.

उपग्रह दर बारा दिवसांनी संध्याकाळी यायचा. ती दुधाच्या गाडीने वळणापर्यंत जायची आणि पुढे चढून कुरण गाठायची. पहिल्या खेपेला एकटी गेली. दुसऱ्या खेपेला वळणावर डॉक्टरची जीप उभी होती, वरच्या गोठ्यात एका गाईला ताप होता म्हणे. तिसऱ्या खेपेला दुसऱ्याच गाईचं पोट बिघडलं होतं.

"वरच्या गाई उपग्रह बघून आजारी पडतात वाटतं," आत्या म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. भाचा पाणी पिऊ लागला.

वर वारा असायचा. गुडघ्याएवढं गवत एका अंगावर झोपायचं, उठायचं, पुन्हा झोपायचं. धुक्याचे लोट उतरावरून येऊन पायांत घोटाळायचे. वजनकाटा इतका नाजूक, की वाऱ्याने त्याचे आकडे थरथरत राहत. मग तो रेनकोटची दोन्ही टोकं पसरून वाऱ्याकडे पाठ करून उभा राही, आणि ती त्याच्या आडोशाला उकिडवी बसून आकडा स्थिर व्हायची वाट बघे. केसांवर धुक्याचे बारीक थेंब, बोटांच्या पेरांत माती, आणि अगदी जवळ, डोक्यावर, त्याचा श्वास.

"आला का?" तो विचारी.

"गेला."

"मला दिसला नाही."

"तो दिसत नाही. त्याला आपण दिसतो."

"आधी सांगायचं ना... केस तरी विंचरले असते."

"तुम्ही वेगळे दिसत नाही, डॉक्टर. त्याच्या एका ठिपक्यात दहा मीटर जमीन मावते."

त्याने आजूबाजूच्या गवतावर नजर फिरवली. "म्हणजे आत्ता आपण दोघं एकाच ठिपक्यात आहोत."

ती काट्यावर आणखी वाकली. वजनकाट्याचा आकडा अजून स्थिर झाला नव्हता. निदान तिने तसं सांगितलं.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, आणि मग कुरणसमितीची बैठक आली.

त्या वर्षी बर्फ उशिरापर्यंत रेंगाळलं होतं. माळ्यांवरचं वाळलं गवत संपत आलेलं, गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या. कुरण उघडायचं की थांबायचं, एवढाच प्रश्न होता. भिजलेल्या जमिनीत कळप घातला की खुरांनी चिखल होतो, गवताची मुळं उखडतात, आणि एकदा उखडलेलं कुरण भरून यायला वर्षं जातात. समितीच्या अध्यक्षबाई दूध संकलनाचं केंद्र चालवत. कमी बोलायच्या आणि बोललं की पाळायच्या. त्यांनी तिला उपग्रहाचा ओलीचा नकाशा घेऊन बोलावलं.

तिने दूध केंद्राच्या पांढऱ्या भिंतीवर नकाशा दाखवला. कुरणाचे दोन्ही उतार ओले, पश्चिमेचा तर पूर्वेपेक्षाही जास्त. आणखी निदान तीन आठवडे कुठलाच भाग उघडू नये, तिने सांगितलं. आवाज ठाम होता. इतके महिने केलेलं काम पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं, त्याचा थोडा अभिमानही त्यात होता.

डॉक्टर मागे उभा होता. तो तडक एका गोठ्यातून आला होता, जिथे एक गाय अशक्तपणामुळे उठू शकत नव्हती. त्याचा चेहरा कधी नव्हे इतका ओढलेला होता.

"कुजलेलं खूर मी बरं करू शकतो," तो म्हणाला. "उपाशी गाय बरी करायचं औषध माझ्याकडे नाही."

इथे तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण लोक माना डोलावत होते, आणि जीभ पुढे गेली.

"उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. उपग्रहावरून गाई हाकणारं आज पहिल्यांदाच पाहतोय."

खोली हसली. दुधाच्या कॅनवर बसलेले मेंढपाळ हसले, दाराशी उभे असलेले हसले. तिची कानशिलं तापली. तिने लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली, आणि ती नेहमीपेक्षा जास्त नीट गुंडाळली. अध्यक्षबाईंनी निर्णय दोन दिवस पुढे ढकलला.

जेवायला ती खाली उतरली नाही. आत्या सूपचा वाडगा घेऊन वर आली, टेबलावर ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "बाळ्याची जीभ त्याच्या पायांपेक्षाही लांब आहे. लहानपणापासून. मी आज त्याला जेवायला वाढलं नाही."

सूप पिताना तिला रडू आलं, पण हसूही आलं. आणि मग, राग थोडा निवल्यावर, एक गोष्ट टोचू लागली. पश्चिमेच्या उतारावर दुपारचं ऊन सगळ्यात जास्त वेळ पडतं. तिथलं बर्फ आधी गेलं होतं, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तोच भाग जास्त ओला कसा? हा प्रश्न तिला आधीही पडला होता. तिने तो बाजूला सारला होता, कारण नकाशा सुंदर दिसत होता.

सकाळी ती पिशवी खांद्याला लावून खाली आली तेव्हा तो पायऱ्यांशी उभा होता. दाढी केलेली, कान लाल.

"मी काल जे बोललो ते..." तो थांबला. "पहिलं वाक्य गाईंसाठी होतं. दुसरं हशा मिळवण्यासाठी. त्याची मला लाज वाटतेय."

"वाटायलाच हवी."

"हो."

"मी वर चाललेय. सगळा पश्चिम उतार पायाखाली घालायचाय, आणि मला दोनच हात आहेत." तिने जीपकडे पाहिलं. "मी अजून माफ केलेलं नाही."

"मग पिशवी मी घेतो," तो म्हणाला.

आजवर तिने त्या उताराच्या खालच्या काठावरच, पायवाटेच्या कडेने मापं घेतली होती. आज ते दोघं तो उतार आडवा-उभा चढले. ती यंत्राचे काटे खुपसायची, आकडा सांगायची, तो पुढची जागा पायाने दाखवायचा. सुरुवातीला दोघंही आकड्यांपलीकडे बोलत नव्हते. आणि प्रत्येक जागी आकडा कमी येत होता. माती भुसभुशीत, मूठभर उचलली तर बोटांतून गळणारी. एकदा नाही, दोनदा नाही, वरपासून खालपर्यंत.

ती एका खडकावर बसली. समोर मावळतीकडचं आकाश मोकळं पसरलेलं होतं, आणि त्याच बाजूने संध्याकाळचा उपग्रह खाली बघत जायचा. हा उतार त्याच्याकडे तोंड करून बसला होता. समोर तोंड करून बसलेल्या जमिनीवरून लहरी जास्तच परत जातात, मग ती ओली असो की नसो. उताराचा हा हिशोब तिने केला होता. पण ज्या उंचीच्या नकाशावर केला होता तो जुना, ढोबळ होता, त्यात हा उतार खरा आहे त्यापेक्षा बराच सपाट दिसत होता. हे सगळं तिने त्याला सांगितलं, हाताने उतार आणि उपग्रह दाखवत. तो मन लावून ऐकत होता.

"चूक उपग्रहाची नाही," ती शेवटी म्हणाली. "माझी आहे. मला शंका आली होती, आणि मी ती तपासली नाही."

 त्याने दिलासा दिला नाही, आणि तेच तिला बरं वाटलं. मग म्हणाला, पूर्वेचीही बाजू बघून घेऊ.

पूर्वेच्या बाजूला यंत्र मुठीपर्यंत आत गेलं. नकाशाने इथे तसूभरही खोटं सांगितलं नव्हतं. गवताखाली नुसतं पाणी होतं, पाऊल टाकलं की जमीन थुलथुल हलायची. तो चार पावलं पुढे गेला आणि त्याचा डावा गमबूट जागीच राहिला. पाय वर आला तो नुसता मोज्यात. तोल सावरायला त्याने हात हवेत फिरवले, उजवा गमबूटही रुतला, आणि तो सहा फुटी माणूस सावकाश, अगदी निरुपायाने, चिखलात बसला.

ती हसू लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग पोट धरून. काल दुपारपासून छातीत जे अडकून होतं ते सगळं त्या हसण्याबरोबर बाहेर पडलं.

"काल माझं ऐकलं असतं," तो चिखलातूनच म्हणाला, "तर आज इथे चाळीस गाई असत्या."

"आणि माझं ऐकलं असतं तर त्या तिकडच्या गवताविना उपाशी."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला. गमबूट निघेपर्यंत धरावा लागणारच होता, पण गमबूट निघाल्यावरही थोडा वेळ कुणी हात सोडला नाही.

दुसऱ्या बैठकीत तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. पश्चिमेचा उतार कोरडा आहे, आपली चूक झाली होती, ती कशी झाली तेही सांगितलं. तो भाग आजच उघडावा. पूर्वेचा मात्र वाळेपर्यंत बंद ठेवावा, तिथे गाई घातल्या तर कुरण जाईल. मग डॉक्टर उठला. आपण घाई केली असती तर कळप चिखलात गेला असता हे त्याने कबूल केलं, आणि परवाचा विनोद त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर परत घेतला. अध्यक्षबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुम्हा दोघांचा मिळून एक शहाणा माणूस होतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा इथून पुढे एकत्रच येत जा."

खोली पुन्हा हसली. या खेपेला त्यात ती दोघंही होती. गाई त्याच दुपारी वर गेल्या.

मग उन्हाळा आला आणि कसा गेला ते कळलं नाही. पूर्वेचा उतार वाळला, उघडला. गाईंच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. बारा दिवसांनी उपग्रह येई आणि त्यासाठी आता कुठल्या गाईला आजारी पडावं लागत नसे. तो सरळ दारात येऊन उभा राही. ती त्याला आत्याच्या आवाजात बाळ्या म्हणून चिडवी. तो तिला नवीन फुलांची नावं सांगे, त्यातली निम्मी त्याने तिथल्या तिथे रचलेली असत, आणि ती ती ओळखून सोडून देई. एकदा परतताना गारवा वाढला तसा त्याने आपला मफलर तिच्या गळ्यात टाकला आणि लगेच दुसरीकडे बघून दुधाच्या भावाबद्दल बोलू लागला. मफलर तिने परत दिला नाही. त्याने मागितला नाही.

शरदातल्या पहिल्या थंडीत तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. प्रबंध जवळजवळ तयार होता. आता दोन वाटा होत्या. शहरातल्या संस्थेत, संगणकांच्या खोलीत कायमची नोकरी. किंवा याच डोंगरात आणखी दोन वर्षांचं काम, त्यापुढची खात्री नाही. विचार करून सांग, सर म्हणाले, पण फार वेळ लावू नकोस.

तिची आई शाळेत भूमिती शिकवायची आणि बोलायचीही तशीच, सरळ रेषेत. तिने फोनवर सांगितलं की डोंगर कुठे पळून जात नाहीत, नोकरी मात्र जाते. थोडं थांबून म्हणाली की तिथे गेल्यापासून तुझा आवाज बदललाय, हेही मी लक्षात घेतलंय. निर्णय तुझा.

डॉक्टरला आत्याकडून कळलं. इतर वेळी ज्याचं तोंड मिटत नसे तो दोन दिवस मूग गिळून बसला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने तिचं अभिनंदन केलं. अशी नोकरी मूर्खच सोडेल, तो हसून म्हणाला. हसू ओठांवरच राहिलं. ती ताटावरून उठली, आणि आत्याने भाच्याच्या पुढ्यातली बशी उचलून नेली, अजून अर्धी भरलेली असताना.

पुढच्या संध्याकाळी उपग्रह यायचा होता. जमीन गोठण्याआधीची बहुधा शेवटची खेप. ती एकटीच चढून चालली होती, गळ्यात मफलर, खांद्यावर पिशवी. कुरणाच्या अलीकडच्या दगडी गोठ्यातून त्याची हाक आली. पहिलटकरीण गाय अडली होती. वासराचा पुढचा एक पाय आत दुमडलेला. मालक खाली मदत आणायला धावला होता आणि तो येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं.

तिने आकाशाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "उपग्रह थांबणार नाही."

"गाय तरी कुठे थांबतेय?" तिने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि बाह्या वर केल्या.

वासराच्या दुसऱ्या पायाला बांधलेली दोरी त्याने तिच्या हातात दिली, कधी ओढायचं आणि कधी नाही ते सांगितलं. मग तो गवतावर आडवा झाला, खांद्यापर्यंत हात आत घातला, गाल गाईच्या मांडीला टेकला. चेहरा नेमका तिच्याकडे वळलेला. डोळे मिटून तो आतला पाय चाचपत होता आणि गाईला हळू आवाजात समजावत होता.

"थांब... घाई नको... जाऊ नकोस अशी... राहा ना गं जरा..."

दोरी धरलेली ती बघत राहिली.

"हे तिला चाललंय," तिने विचारलं, "की मला?"

त्याचे डोळे उघडले. 

"तिला गं म्हणता येतं," तो म्हणाला. "तुम्हाला म्हणायची हिंमत होत नाही." मग एक दीर्घ श्वास घेतला. "आत्ता माझा हात अडकलाय, पळून जाता येत नाही, तर बोलूनच टाकतो. ती नोकरी मूर्खच सोडेल, हे मी खोटं बोललो नव्हतो. पण तुम्ही तो मूर्खपणा करावा असं मला रोज सकाळी वाटतं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तुमच्या वाटेत मी का... सापडला पाय. ओढा आता."

तिने ओढलं. गाय कण्हली, तो ओरडून काहीतरी सांगत होता, दोरी तळव्यांत रुतत होती, आणि मग एकदम सगळं सैल झालं. वासरू घसरत बाहेर आलं आणि ती मागच्या मागे गवताच्या ढिगात बसली. वासरू हलेना. त्याने पेंढ्याची मूठ घेऊन त्याची छाती चोळली, तिने सरपटत जाऊन बोटांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, पुन्हा काढला. वासराने डोकं झटकलं आणि तिच्या तोंडावरच शिंकलं.

गाय वळून त्याला चाटू लागली. दोघं भिंतीला टेकून बसले, धापा टाकत, कोपरापर्यंत माखलेले. दारातून दिसणारं आकाश जांभळं झालं होतं.

"गेला," ती म्हणाली.

"कोण?"

"उपग्रह."

त्याचा चेहरा पडला. अख्ख्या मोसमात तिने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती, आणि ही त्याच्यामुळे चुकली, तो म्हणू लागला. तिने त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

"एका जागी आकडा नसेल. चालेल." मग वासराकडे बघत म्हणाली, "मी सरांना कालच कळवलंय. दोन वर्षं इथेच काम करणार म्हणून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "काल... म्हणजे मी मूर्ख म्हणालो, त्याच्या आधी?"

"सकाळी. संध्याकाळी तुम्ही मला मूर्ख म्हणालात."

"कशासाठी... थांबताय?"

"कुरणासाठी. पश्चिमेच्या उताराची मापं अजून नीट व्हायचीयत. आता कुठे तो मला कळायला लागलाय."

त्याने मान डोलावली. एकदा, दोनदा. आनंद आणि निराशा एकाच चेहऱ्यावर मावता मावत नव्हती.

"म्हणजे माझ्यासाठी नाही."

"तुमच्यासाठी थांब, असं मला कुणी विचारलंच कुठे होतं?"

"आत्ता विचारलं ना. गाईच्या साक्षीने."

"ते गाईला विचारलं होतं."

तो भिंतीपासून सरळ झाला, तिच्याकडे पूर्ण वळला. या खेपेला त्याने विनोद केला नाही, नजर चुकवली नाही, दुधाच्या भावाकडे वळला नाही. आपण तिच्यावर प्रेम करतो, एवढंच साध्या शब्दांत सांगितलं. कामासाठी तिला शहरात जावं लागलं तर जावं, परत यावं, पुन्हा जावं. आपण इथे असू, आणि बोलावलं तर तिथे येऊ. शहरातही कुत्री-मांजरं आजारी पडतातच. तिने हो म्हणावं.

खाली वाटेवर मालकाच्या आणि आणखी कुणाच्या तरी हाका ऐकू येऊ लागल्या होत्या. वासरू पाय फाकवून उभं राहायची खटपट करत होतं.

"हो," ती म्हणाली. "पण आधी हात धू."

तो लगबगीने उठला, बादलीपाशी गेला, साबण हातात घेतला. आणि तिथेच थांबला. सावकाश मागे वळला.

"काय म्हणालीस?"

"हात धू, म्हणाले."

त्याने धुतले. साबण लावून, कोपराच्या वरपर्यंत, दोनदा. मग येऊन तिच्यासमोर बसला आणि ते दोन्ही गार, स्वच्छ हात पुढे केले. तिने ते आपल्या हातांत घेतले. तिचे हात अजून तसेच माखलेले होते, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.